वस्तुसंग्रहालय एकट्याने पाहावे

आपल्याकडील गृहस्थ प्रवासास निघतो तो सहसा एकटा निघत नाही. कुलदैवताचे दर्शन असो, भाचीचे लग्न असो, वा काशीरामेश्वराची यात्रा असो, बरोबर दहाबारा माणसे, चारपाच पिशव्या, लाडूचिवड्याचे डबे आणि एखादे रुसलेले मूल ही ठरलेलीच. अशा प्रवासास स्वतःची गोडी असते व ती मी आयुष्यभर चाखली आहे. तथापि काही स्थळे अशी असतात की, समुदायाने गेले असता ती पाहून होतात, पण दिसत नाहीत. जुन्या वस्तूंचे संग्रहालय हे त्यांपैकी एक होय. पुण्यास गेलेली मंडळी तुळशीबागेतील खरेदी आणि सारसबागेतील गणपती ह्यांच्यामध्ये उरलेला अर्धा तास राजा दिनकर केळकर संग्रहालयास देतात, आणि "फार सुंदर आहे हो, पण पाय अगदी भरून आले," एवढा अभिप्राय घेऊन परततात. तेच संग्रहालय मी अलीकडे एकट्याने, एक सबंध दिवस मोडून पाहिले. तेथे जे दिसले आणि त्यावरून आपल्या घरांविषयी जे सुचले, ते वाचकांच्या कानी घालावे म्हणून हा लेख.

आधी हे जाणे का घडले ते सांगतो. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन शहरे मध्य रेल्वेच्या कल्याण-कर्जत मार्गावर एकापुढे एक लागतात. त्यांपैकी बदलापुरास आमचे बिऱ्हाड. पूर्वी ह्या ठिकाणी घोडे बदलीत, म्हणून हे नाव पडले, असे जुने लोक सांगतात. त्या व्युत्पत्तीचा निर्णय भाषापंडितांनी करावा; परंतु आज येथे घरेच्या घरे बदलत आहेत, हे कोणासही दिसेल. पुढे ओसरी, मागे विहीर, परसात अळू आणि केळी, अशी कौलारू वास्तू पाडून तेथे इमारती उभ्या राहत आहेत. ह्यात कोणास दोष द्यावा? कुटुंब वाढते, भाऊ वेगळे होतात, कौले गळतात, आणि डागडुजीस माणूस मिळत नाही.

असेच एक घर आमच्या आळीत दोन वर्षांपूर्वी उतरविले गेले. माळ्यावरून जे निघाले ते अंगणात मांडले होते. पाणी तापविण्याचा तांब्याचा बंब, घंगाळ, तीनचार सतेली, लाकडी काठवट, शेवयांचा पाट, एक अडकित्ता आणि धान्य मोजण्याची काही मापे. मोडवाला तराजू लावून बसला होता. त्या घरची सून मला म्हणाली, "काका, दोन खोल्यांच्या ब्लॉकात हे सगळे ठेवायचे कोठे?" तिचा प्रश्न रास्त होता आणि माझ्यापाशी त्याला उत्तर नव्हते. माझा नातू जवळ उभा होता. त्याने एक लहानसे माप उचलून विचारले, "आजोबा, हे काय?" मी सांगितले, "हे चिपटे." मग ओघानेच कोष्टक आले. शेराच्या निम्मे मापटे, मापट्याच्या निम्मे चिपटे, चिपट्याच्या निम्मे कोळवे आणि कोळव्याच्या निम्मे निळवे. उलट बाजूने चार शेरांची पायली, सोळा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी. १९५६ च्या कायद्याने देशात दशमान वजनेमापे आली आणि ही मोजणी व्यवहारातून उठली, ते योग्यच झाले. पण मापाबरोबर त्याचे नावही त्या तराजूत जात होते, हे मला तेव्हा जाणवले. तांब्याचे वजन झाले, भाव ठरला, पैसे हाती आले. शब्दाला वजन नसल्यामुळे तो फुकट गेला. त्या घरच्या आजी ओसरीच्या कडेला खुर्चीवर बसून हे पाहत होत्या. अंगणातील प्रत्येक वस्तूचा इतिहास एकट्या त्यांना ठाऊक होता, आणि त्यांना कोणी काही विचारीत नव्हते.

जी वस्तू आमच्या गावात मोडीच्या भावाने जाते, तीच पुण्यास काचेच्या कपाटात बसून मान घेते. ह्या दोहोंत फरक कशाने पडतो, तो डोळ्यांनी पाहावा, असे तेव्हापासून मनात होते.

एकट्याने जाण्याचा बेत घरात सांगितला, तेव्हा नेहमीप्रमाणे चर्चा झाली. "अहो, ह्या वयात एकटे कशाला? मुलांना सुट्टी लागली की सगळेच जाऊ," असे मंडळींचे म्हणणे पडले. सूनबाई म्हणाली, "मामंजी, निदान परतीची गाडी कोणती ते लिहून ठेवा." मला हा तोडगा पसंत पडला. साठी उलटलेल्या माणसाने एकटे निघताना गाडीची वेळ घरी लिहून ठेवावी, स्वतःच्या नावपत्त्याची आणि औषधांची चिठ्ठी खिशात ठेवावी, पाण्याची बाटली, एक वही व शिसपेन्सिल घ्यावी, आणि पायांत सवयीची वहाण असावी. ह्याहून अधिक सिद्धता नको. बदलापुराहून लोकलने कर्जतपर्यंत जाऊन तेथून पुण्याची गाडी धरता येते. जागेची निश्चिती हवी असेल त्याने उलट दिशेस कल्याणास जाऊन आरक्षित जागेवर बसावे. पुढे बोरघाट लागतो. १८६३ साली खुल्या झालेल्या ह्या घाटमार्गाने गाडी बोगद्यामागून बोगदा ओलांडीत चढते, आणि खिडकीशी एकट्या बसलेल्या माणसास कोणी बोलावयास लावीत नसल्यामुळे घाट पुरता पाहता येतो. एकटेपणाचा पहिला लाभ तो हा.

संग्रहालय शुक्रवार पेठेत, बाजीराव रस्त्यालगत नातूबागेत आहे. ते ज्यांच्या एकट्याच्या ध्यासातून उभे राहिले त्या दिनकर गंगाधर केळकर ह्यांचा जन्म १८९६ चा आणि मृत्यू १९९० चा. घरचा व्यवसाय चष्म्यांचा. 'अज्ञातवासी' ह्या टोपणनावाने ते कविता लिहीत. सुमारे १९२० पासून त्यांनी जुन्या वस्तू जमविण्यास आरंभ केला, आणि पत्नी कमलाबाई ह्यांची त्यांस ह्या कामी साथ मिळाली. एकुलता एक पुत्र राजा बालपणीच वारला. त्याचेच नाव पुढे संग्रहास दिले गेले. १९६० च्या सुमारास वस्तूंची संख्या पंधरा हजारांवर गेली होती. १९६२ साली संग्रहालयाची स्थापना झाली आणि १९७५ साली केळकरांनी तो सर्व संग्रह महाराष्ट्र शासनास अर्पण केला. १९८० साली त्यांस पद्मश्री हा किताब मिळाला. आज वस्तूंची गणना वीस हजारांवर असून त्यांतील सुमारे अडीच हजार मांडलेल्या आहेत. बहुतेक वस्तू अठराव्या व एकोणिसाव्या शतकांतील आहेत.

ह्या गृहस्थाने काय जमविले, ते ध्यानात घेण्यासारखे आहे. राजेरजवाड्यांची सिंहासने व तलवारी जमविणारे पुष्कळ झाले. केळकरांनी समया, निरांजने, लामणदिवे, अडकित्ते, पानदाने, दौती, कुलुपे, विळ्या, खवण्या, वज्र्या, दारांच्या चौकटी, वाद्ये, खेळ, बाहुल्या आणि स्वयंपाकघरातील भांडी जमविली. ज्या वस्तू इतक्या परिचयाच्या होत्या की त्यांच्याकडे कोणी पाहत नसे, त्या त्यांनी पाहिल्या. लोकांस चष्मे देणे हा ज्यांचा धंदा, त्यांनी एका सबंध समाजास आपल्याच घराकडे पाहण्याची दृष्टी दिली. आणि स्वतःस अज्ञातवासी म्हणविणाऱ्या कवीने अज्ञात कारागिरांच्या कृती वेचल्या, हाही एक मौजेचा योग होय.

हा ध्यास केवळ आपल्याच देशातील नव्हे. स्वीडन देशात आर्टुर हाझेलियस नावाचा एक भाषेचा अभ्यासक व शिक्षक होऊन गेला. १८७२ च्या उन्हाळ्यात तो डालार्ना प्रांतात हिंडत असता, खेड्यांतील जुने वेष व घरगुती वस्तू झपाट्याने नाहीशा होत आहेत, असे त्यास दिसले. त्याने लगोलग संग्रहास प्रारंभ केला. १८७३ मध्ये त्याचे संग्रहालय स्टॉकहोम नगरीत उघडले, आणि १८९१ मध्ये त्याने स्कान्सेन येथे जुनी घरेच्या घरे आणून उघड्यावर उभी केली. एका शिक्षकाच्या हातून हे घडले, ह्याचे माझ्यासारख्यास विशेष वाटते. शब्दांचा अभ्यास करता करता तो वस्तूंकडे वळला. कारण वस्तू गेली की शब्द पोरका होतो, हे भाषेच्या माणसास इतरांहून लवकर कळते.

आता पाहण्याच्या रीतीविषयी. शाळेत गणित शिकविलेल्या माणसाची खोड म्हणा, मी दारातच एक हिशेब मांडला. मांडलेल्या वस्तू अडीच हजार धरल्या आणि त्या तीन तासांत पाहावयाच्या ठरविल्या, तर एका वस्तूच्या वाट्यास चार सेकंदांहून किंचित अधिक काळ येतो. तेवढ्यात समई समई म्हणून ओळखतादेखील येत नाही. म्हणून मी ठरविले की, सर्व दालनांतून एकदा सावकाश फिरून यावे, आणि मग दोनतीन वस्तू निवडून त्यांच्यापुढेच थांबावे. समुदायात हे साधत नाही. तेथे सर्वांत थकलेल्या पायांची आणि सर्वांत भुकेल्या पोटाची गती तीच सर्वांची गती. एकटा मनुष्य मात्र एका अडकित्त्यापुढे पाव घटका उभा राहिला, तरी त्यास कोणी "चला आता" म्हणत नाही.

अडकित्ता ही वस्तू मी प्रथम निवडली. सुपारी कातरणे एवढेच तिचे काम. दोन दांडे, एक खीळ आणि एक पाते, ह्यांत ते पुरे होते. परंतु कोठे त्या दांड्यांचा घोडा झाला आहे, कोठे पक्षी, कोठे स्त्रीपुरुषांची जोडी. नीट निरखून पाहिले म्हणजे कळते की, ह्या आकृती वरून चिकटविलेल्या नाहीत. बोटांस पकड मिळावी म्हणून दांड्यास जो बाक हवा, त्याच बाकातून कारागिराने पक्ष्याची मान काढली आहे. उपयोग आणि शोभा ह्यांची अशी सोयरीक आपल्या अलंकारशास्त्रालाही मानवली असती. कारण काव्यातील अलंकारही अर्थास उपकारक असावा, बांडगुळासारखा वाढू नये, असेच तेथे सांगितले आहे.

दुसरी वस्तू दिवा. भिंतीला, खांबाला, साखळीला, देवापुढे, ओसरीवर, माजघरात, अशा एकेका जागेसाठी एकेक दिवा घडविला गेला. विजेचे बटण दाबणाऱ्या पिढीस हे कौतुक वाटते. पण त्या दालनात उभे राहून दुसरीही एक गोष्ट मनात आली. ह्या दिव्यांना रोज वात लागे, तेल लागे, आणि त्यांची काजळी रोज कोणी तरी घासून काढी. ते कोणी तरी म्हणजे घरातील स्त्री. जात्यावर पहाटे दळणारी तीच, चुलीच्या धुराने डोळे चोळणारी तीच, आणि बंबात ढलप्या सारणारी तीच. जुन्या वस्तूंचे गोडवे गाताना हे कष्ट विसरू नयेत. जाते गेले, चूल गेली, ह्याबद्दल मला यत्किंचितही खेद नाही. वस्तूची आठवण जपावी ती पुन्हा तिला जुंपून घेण्यासाठी नव्हे. तिच्यामागे ज्यांचे हात झिजले, त्यांचा विसर पडू नये म्हणून जपावी.

तिसरी वस्तू मी निवडली नाही. ती मला एका वृद्धेने दाखविली. न्हाणीघरात पायांच्या टाचा घासण्याच्या वज्र्या एका कपाटात मांडल्या आहेत. खाली खरखरीत तळ, वर धरण्यासाठी पशुपक्ष्यांची आकृती. मी वहीत टिपण करीत असता खेड्याकडील एक आजी आपल्या शाळकरी नातीस घेऊन तेथे आल्या. नातीने पाटी वाचली व ती पुढे निघाली. आजींनी तिला थांबविले. "आगं, ही वजरी. माझ्या आत्याबाईंकडं व्हती. आशी धरायची," असे म्हणून त्यांनी तेथेच भिंतीस टेकून एक पाऊल किंचित उचलले आणि रिकाम्या मुठीने टाच घासून दाखविली. मुठीत काही नव्हते, तरी ती वज्री मला दिसली. मग म्हणाल्या, "दिवसभर शेतात हिंडल्यावर पायाला भेगा पडायच्या बग. सासूबाई न्हाणीत बसल्या की मीच घासून द्यायची."

पाटीवर नाव होते आणि काळ होता. ह्या आजींच्या हातात तिचा उपयोग होता, आणि सासूसुनेचा एक सबंध संसार होता. संग्रहालयाने वस्तू वाचविली, हे त्याचे उपकार थोर. परंतु हाताची ती लकब काचेच्या कपाटात ठेवता येत नाही. ती माणसाबरोबर जाते. बदलापूरच्या अंगणात खुर्चीवर बसलेल्या आजींपाशी असेच काही होते, हे मला तेथे उमगले.

संग्रहात चित्रकथींची चित्रेही आहेत. रामायण-महाभारतातील प्रसंगांची ही चित्रे एकेक करून दाखवीत व गात गात कथा सांगावयाची, हा चित्रकथ्यांचा व्यवसाय. ही परंपरा किती जुनी असेल? विशाखदत्ताच्या 'मुद्राराक्षस' नाटकाच्या पहिल्याच अंकात चाणक्याचा हेर यमपट दाखविणाऱ्या भिक्षेकऱ्याच्या वेषाने घरोघर हिंडून बातमी काढतो. तो वेष लोकांच्या इतका परिचयाचा होता, म्हणूनच हेरास उपयोगी पडला. संस्कृत पाठशाळेत हा अंक आम्ही घोकला, पण यमपट म्हणजे काय ते पुस्तकाने सांगितले, डोळ्यांनी नव्हे. त्याच कुळातील चित्रांपुढे उभे राहिल्यावर ते पान पुन्हा उघडल्यासारखे झाले. ही कला सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर समाजाने जिवंत ठेविली आहे. तेथील परशुराम गंगावणे ह्यांस २०२१ साली पद्मश्री मिळाली. त्यांनी आपल्या गावीच चित्रकथी व बाहुल्यांचे संग्रहालय उभारले आहे. तेथे चित्रही आहे आणि ते दाखवून गाणारा गळाही आहे. तिकडे जाण्याचा माझा योग अजून यावयाचा आहे.

संग्रहालयातून बाहेर पडलो तेव्हा परतीच्या गाडीस अवकाश होता. वस्तू पाहिल्या, आता हात पाहावे, ह्या विचाराने मी कसबा पेठेतील तांबट आळीत गेलो. पेशवाईच्या आश्रयाने कोकणातून येऊन पुण्यास स्थायिक झालेल्या तांबटांची ही वस्ती. आज थोडीच कुटुंबे हा उद्योग करतात, पण आळीच्या तोंडाशीच ठोक्यांचा आवाज कानी येतो. एका दुकानात मध्यम वयाचे एक कारागीर घागरीवर मठाराचे ठोके घालीत होते. ठोक्यास ठोका लागून पृष्ठभागावर जे चकाकणारे खळगे उठतात, ते केवळ शोभेसाठी असावेत, असा पुष्कळांचा समज असतो. त्यांनी खुलासा केला. "काका, ठोक्याने तांबे कडक होते. ठोके नसले तर भांडे लवकर पोचते. चकाकी येते ती वरची मिळकत." अडकित्त्याच्या बाकातून जे शिकलो, तेच येथे पुन्हा शिकलो.

जाता जाता मी त्यांस विचारले, "तुम्ही आपले नाव ह्या भांड्यावर घालता की नाही?" ते हसले. "नाव गिऱ्हाइकाचे घालतात, काका. घडविणाऱ्याचे कोण घालतो?"

हे उत्तर ऐकून माझ्या डोळ्यांपुढे आमच्या घरची मांडणी उभी राहिली. आपल्या घरांत क्वचितच एखादे जुने भांडे निनावी असेल. मुंजीत कोणी दिले, डोहाळजेवणात कोणी दिले, अधिक महिन्यात जावयास कोणी दिले, ते सारे तिथीवारासह टिंबाटिंबांच्या अक्षरांत कोरलेले असते. देणारा ठाऊक, घेणारा ठाऊक. ज्याने घडविले, त्याचे नाव कोठेही नाही. आमच्या अंबरनाथचे शिवालय घ्या. वालधुनी नदीच्या काठी भूमिज शैलीत बांधलेल्या ह्या काळ्या पाषाणाच्या देवालयातील लेख शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा आहे. त्यात शिलाहार राजा मुम्मुणि ह्याचे नाव आहे, त्याच्या अमात्यांची व अधिकाऱ्यांची नावे आहेत. भिंतींच्या तसूतसूवर ज्यांनी छिन्नी चालविली, त्यांची नावे आज कोणास ठाऊक नाहीत. साडेनऊशे वर्षे होऊन गेली, तरी देवळाचा आणि घागरीचा रिवाज तोच.

ह्यात आपल्यासारख्या सुशिक्षित म्हणविणाऱ्या घरांचा भाग किती, हेही मनास विचारावे. आपल्या जुन्या ग्रंथांत चौसष्ट कलांची गणती करताना गीत व नृत्य ह्यांच्या बरोबरीने सुतारकामही मोजले आहे. व्यवहारात मात्र आपण पोथी वाचणाऱ्यास पाटावर बसविले, आणि पाट घडविणाऱ्यास ओसरीच्या पायरीवर उभे ठेविले. त्याची मजुरी चुकती केली, पण त्याचे नाव विचारले नाही. आज तीच पायरीवरची कारागिरी काचेच्या कपाटात आहे, आणि आपण तिकीट काढून तिच्यापुढे उभे राहतो.

वस्तू राहिली आणि हात गेला, असा एक प्रकार संग्रहालयात पाहिला. ह्याच्या उलट प्रकार आमच्या शेजारीच आहे. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून निघालेली हजारो कुटुंबे कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आली, आणि बराकींतून राहू लागली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर-जनरल राजगोपालाचारी ह्यांच्या हस्ते त्या वसाहतीचे उल्हासनगर असे नामकरण झाले. ह्या लोकांची बहुतेक घरे, झोपाळे, पेट्या, भांडी, सारे मागे राहिले. माझे एक उल्हासनगरचे स्नेही म्हणतात, "मास्तरसाहेब, आमच्या घरात सिंधची म्हणून एकही वस्तू नाही. आईच्या हातचा पापड तेवढा सिंधचा." परंतु त्यांच्याकडे चेटीचंडास झुलेलालाचा बहराणा निघतो, त्यात कणकेचा दिवा लागतो, आणि तो कसा करावयाचा, हे त्या आईने सुनेस आणि सुनेने आपल्या मुलीस शिकविले आहे. वस्तू गेल्या, पण हात आले, आणि हातांबरोबर रीत आली. ज्यांना एका रात्रीत सर्व सोडावे लागले, त्यांनी रीत जपली; आपण मात्र सर्व काही माळ्यावर सुरक्षित असता, त्याची नावेसुद्धा पुढच्या पिढीस देत नाही. ह्याचा विचार व्हावयास हवा.

मग करावे काय? प्रत्येक घराने संग्रहालय व्हावे, असे मी म्हणणार नाही. सूनबाईंचा प्रश्न खरा आहे. दोन खोल्यांत बंब मावत नाही. पण एक वही मावते. जुने घर उतरविण्यापूर्वी, किंवा भांडी मोडीत देण्यापूर्वी, प्रत्येक वस्तूसाठी वहीचे एक पान राखावे. त्यावर पहिल्याने वस्तूचे नाव लिहावे, आणि तेही आपल्या घरात उच्चारले जाई तसे. नंतर तिचा उपयोग. आणि तो कसा, कोणत्या हाताने, बसून की उभ्याने, हेही. मग ती केव्हा व कोणाकडून आली, घरात ती विशेषेकरून कोणाच्या हातात असे, आणि शेवटी ती कोणी घडविली. ह्या शेवटच्या रकान्यात बहुतेक वेळा काही लिहिता येणार नाही. तरीही तो रकाना गाळू नये. निदान गाव, आळी, व्यवसाय एवढे तरी आठवते का, ते पाहावे. भिंगातून भांड्यावरील अक्षरे वाचून उतरून घ्यावीत. आज प्रत्येकाच्या खिशात फोनच्या रूपाने कॅमेरा आहे. त्याने वस्तूचे छायाचित्र तर घ्यावेच, पण ती हातात धरून वापरून दाखविणाऱ्या आजींचे चलच्चित्रही घ्यावे. हे काम मुलांकडे सोपवावे. दिवाळीच्या सुट्टीतील एक आठवडा त्यास पुरतो.

ह्यानंतर एखादी वस्तू ठेवावी, एखादी लेकीस द्यावी, एखादी संग्रहालयास हवी आहे काय, अशी चौकशी करावी, आणि उरलेल्या निःशंक मनाने मोडीत द्याव्यात. त्यांचे जे वजनात भरत नव्हते ते वहीत उतरले आहे, एवढे समाधान राहील.

आणि वर्षातून एक दिवस, घरातील वडील माणसाने एकट्याने अशा एखाद्या संग्रहालयात जावे. वेळा आधी विचारून घ्याव्यात, सकाळी पोहोचावे, आणि चारदोन वस्तूंहून अधिक पाहण्याचा हव्यास धरू नये. घरी परतल्यावर नातवंडांस जवळ घेऊन एक वस्तू, तिचे नाव आणि तिची लकब सांगावी. पुढल्या खेपेस तीच मुले हात धरून नेतील. आणि तेव्हा मात्र सर्वांनी मिळून जाण्यास हरकत नाही, कारण कोठे थांबावयाचे ते निदान एकास तरी ठाऊक असेल. ज्या घरी अजून ओसरीवर बोलणाऱ्या आजी आहेत, त्या घराने पुण्यास जाण्याचीदेखील वाट पाहू नये. वही आजच उघडावी.